मेंडे मला बघायला आले

मला बघायला आलेला एकुलता एक मुलगा मला बघायला आलाच नव्हता.

अकोल्याला मी पीएच.डी. करते. (कधीपासून, ते विचारू नका!) माझ्यासोबत ब्रिमा शिकतो. तो पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा, तिथल्या मेंडे लोकांपैकी, म्हणून आम्ही त्याला मेंडेच म्हणतो. आपल्याकडची लग्नं, नाती, पोरांची शिक्षणं यांचं त्याला भारी कुतूहल. म्हणून मी अमरावतीला आईला फोन लावला, "आई, रविवारी मेंडेले घेऊन येऊन राहिली. लगनाचं बोलाचं हाय त्याले."

एवढ्यात मोबाइलची बॅटरी संपली!

आता आमच्याकडे मेंडे म्हणजे आडनाव. आईने परस्पर ते घराणं अचलपूरचं ठरवलं आणि त्याला संत्र्याची बागही देऊन टाकली! रविवारी पोचतो तर दारात रांगोळी, गॅसवर पोहे, आणि अकोटहून बोलावलेला मामा नव्या टोपीत.

ब्रिमाला पाहून, मुद्दाम थांबवून घेतलेली माझी आत्या हबकली. "हे अचलपूरचे वाटत नाई वं माय!"

"मी मेंडेच आहो, काकू," ब्रिमा म्हणाला. होस्टेलात तो चक्क वऱ्हाडी शिकला होता!

आई मागे हटेना. (पोहे वाया गेले असते ना!) "तुमचे मामा काय करतात?"

"मामानंच मले शिकवलं. आमच्यात मामाचा शब्द लय मोठा. तो म्हने, पयले शिक्षण, मंग लगन."

मला जोर चढला. "आयकलं? माह्यं संशोधन होईपर्यंत या घरात पोहे फक्त भूक लागली तरच होतीन! पोरगा अचलपूरचा असो का आफ्रिकेचा!"

"काहून वं, वय थांबून राहिलं काय?" आई कडाडली.

तेवढ्यात मामा उठला. "ताई, मी बी मामाच हाओ ना! लगनात नुसतं पोरीमागं उभं राहाले बोलावता मले! इचं शिक्षण झाल्याबिगर मी मांडवात पाय ठेवणार नाई!"

मामाशिवाय लग्न लागतं कुठे? आईने हार मानून पोहे वाढले. मला इतका आनंद झाला की मी मामाच्या पायाच पडले. ब्रिमाने दुसऱ्यांदा पोहे घेतले.

तेव्हापासून घरात लग्नाचं नाव निघत नाही. मामा मात्र रोज फोन करतो, "कुठवर आलं वं लिखाण?" स्थळांच्या कटकटीत लिहून होत नाही, हे माझं हुकमी कारण होतं. आता कटकट गेली, आणि प्रबंध आहे तिथेच आहे!