कमरेइतक्या पाण्यातला भाऊ

माझी मावशी ताओरिबा भर समुद्रातल्या मरकेई नावाच्या चिमुकल्या बेटावरून ऑस्ट्रेलियात आली, ती पन्नाशी ओलांडल्यावर. इथल्या एका आडबाजूच्या गावातल्या वृद्धाश्रमात आम्ही दोघी कामाला. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलून द्यायची. मावशी हे सगळं गुणगुणत करायची, त्यामुळे म्हाताऱ्यांना तीच लागायची.

संध्याकाळी हॉलमध्ये बातम्या लागत. सूप भरवता भरवता मावशी त्या मन लावून ऐकायची. इंग्रजी सुधारतं म्हणायची. आमच्या धुलाईघरात माजोक नावाचा दक्षिण सुदानचा माणूस होता, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. बातम्यांत त्याच्या लोकांच्या टोळ्या, फोडलेल्या काचा, पळणारी पोरं सारखी दाखवत.

"रोटिया, त्याच्याबरोबर लिफ्टमधून एकटी जाऊ नकोस," मावशी मला बजावायची. "रोज दाखवतात, ते काय उगाच?"

मार्चमध्ये एका संध्याकाळी आमचंच बेट टीव्हीवर आलं. मावशीने हातातला चमचा खाली ठेवला. पडद्यावर तिचा भाऊ कैतू कमरेइतक्या पाण्यात उभा होता, अंगात चर्चला घालायचा पांढरा शर्ट, तोंड पाडलेलं. निवेदक जड आवाजात सांगत होता, इथे एकेकाळी या माणसाचं घर होतं.

"तिथे कसलं घर?" मावशी म्हणाली. "तिथे आम्ही जाळं लावतो. घर मागे आहे, नीरफणसाच्या झाडाखाली."

मग एक बाई ओक्साबोक्शी रडताना दिसली. ती आमच्या बेटावरचीच तिरेंगा. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला नाचत होती. आमच्याकडे नाच अंगात भिनला की बाया रडतात, रडल्या नाहीत तर नाच फिका पडला म्हणतात. निवेदक म्हणाला, ही आपल्या बुडणाऱ्या भूमीसाठी रडते आहे. हॉलमधल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. एकीने मावशीचा हात धरला आणि सोडेचना.

मावशीने भावाला फोन लावला. "तिथे कशाला मरायला उभा राहिलास?"

"ते म्हणाले उभा राहा, म्हणून राहिलो. पाहुणे होते," कैतू म्हणाला. "मला सारखं हसू यायचं, की पुन्हा उभं करायचे. चार वेळा भिजलो."

"विहिरीबद्दल सांगितलंस का?"

"सांगितलं की. पाणी खारट झालंय, बाबईचे कंद जमिनीतच कुजतात, सगळं सांगितलं. दाखवलं नाही का?"

दाखवलं नव्हतं. समुद्र चढतोय हे खोटं नाही, पण विहिरीला रडता येत नाही.

पुढच्या आठवड्यात आश्रमाच्या मोठ्या बाईंनी मावशीसमोर तीन पोती ठेवली. गावातून तुमच्या लोकांसाठी जमवलंय म्हणाल्या. वर लोकरीचे स्वेटर होते, खाली काखेत पिवळे पडलेले शर्ट, आणि एक वापरलेली चड्डी. मावशीने ती चिमटीत धरून बाहेर काढली.

"आमच्याकडे थंडी पडत नाही, बाई," ती म्हणाली. "आणि आम्ही आपापल्या चड्ड्या घालतो."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. "लोकांनी किती मनापासून दिलंय," त्या म्हणाल्या. त्यांनाच वाईट वाटलं होतं, आणि ते मावशीने समजून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती.

पोती उचलून मावशी धुलाईघरात गेली, मी मागोमाग. माजोक चादरींच्या घड्या घालत होता. कोपऱ्यातल्या टीव्हीवर पुन्हा टोळ्यांची बातमी चालू होती. मावशी ऐकत उभी राहिली. आवाज त्याच निवेदकाचा होता, कैतूला पाण्यात उभं करणारा, तसाच जड.

तिने टीव्ही बंद केला. "माजोक, तुमच्याबद्दल हे जे सांगतात..."

"माझी दोन्ही मुलं शाळेत आहेत," तो हातातली घडी घालता घालताच म्हणाला. "मोठी मुलगी हॉकी खेळते. ते कुणी विचारत नाही." मग ती चादर ढिगावर ठेवून म्हणाला, "तुम्हीही नाही विचारलंत. दोन वर्षं मी आलो की तुम्ही पर्स दुसऱ्या खांद्यावर घेता. मला वाटायचं, तुम्ही तरी समजून घ्याल, तुम्हीही माझ्यासारख्या बाहेरच्याच."

मावशीने माफी मागितली. त्याने मान हलवली आणि पुढची चादर उचलली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मावशी बराच वेळ नळाखाली हात धूत राहिली. "चड्डीची घाण धुतली जाते गं," ती म्हणाली. "पण तो आवाज दोन वर्षं मी सुपासारखा गिळत होते. कुणी भरवतही नव्हतं, आपल्याच हाताने."

ईस्टरच्या आधी माजोकला दुसऱ्या गावी खाटीकखान्यात काम मिळालं आणि तो गेला. मावशी अजून इथेच आहे. बातम्या लागल्या की ती म्हाताऱ्यांच्या खुर्च्या एकेक करून अंगणात नेते. काही जण कुरकुर करतात. ती ऐकत नाही.