गंगाळातला मारुती

सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले, त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. ऐंशी सालाच्या आसपासचा पुलगावचा मे महिना. नळ एक दिवसाआड, तोही आला तर आला. अशात त्यांनी पिण्याचा माठ तेवढा सोडला, घरातलं उरलंसुरलं पाणी तांब्याच्या गंगाळात ओतलं आणि अन्नपूर्णा, बाळकृष्ण नि वीतभर उंचीचा पितळी मारुती त्यात बुडवून टाकले. लेकाचा ताप उतरेपर्यंत देवांनी बाहेर यायचं नाही, असा दमच भरला.

लेक म्हणजे माझा नवरा. टायफॉइडनं फणफणला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दुपारचा ताप चढू देऊ नका, कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत राहा.

मी तेव्हा देवबिव मानत नव्हते. माझ्याकडे शिलाई मशीन होती, गल्लीतल्या बाया माझ्याकडूनच ब्लाऊज शिवून घ्यायच्या, आणि मशीन माझ्या पायांवर चालते, देवाच्या नाही, हे मी सासूबाईंना उठता-बसता ऐकवायचे. माज होता, दुसरं काय! पण तापाला काही टाके घालता येत नाहीत.

माठातलं पाणी प्यायलाच जेमतेम. गार पाणी घरात एकाच जागी होतं. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तसं मी गंगाळातून गडवाभर पाणी काढलं. म्हटलं, बुडायला देवांना एवढं लागतंच कशाला?

संध्याकाळी दिवा लावायला गेलेल्या सासूबाई ओरडल्या, "धाव वं! मारुती वर येऊन राह्यला!"

मारुतीचं टाळकं खरंच पाण्याबाहेर होतं. खरं सांगितलं असतं तर घड्यांचं पाणी बंद झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मारुती छातीपर्यंत वर आला आणि गल्ली लोटली. देव आपल्या पायानं निघाला म्हणजे पोरगा उठणार, यावर एकमत झालं. नळावर एका बादलीसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या बाया, पण प्रत्येकीनं घरून गडवाभर पाणी आणलं. गंगाळात ओतायचं, हात जोडायचे. मारुती पुन्हा बुडायचा, दुपारी मी घड्या ठेवायचे, संध्याकाळी तो पुन्हा वर.

"कितीक बुडवा, वरच येते!" एक म्हणाली.

काल जास्त वर होता की आज, यावरून दोघींचं जुंपलं. शेवटी माझी शिलाईची टेप मागवली. ब्लाऊजचं माप घ्यावं तसं मी मारुतीचं माप घेतलं, ओठ घट्ट मिटून.

मग ती दुपार आली. नवरा बरळायला लागला. मला ओळखेना. "मास्तर, मले घरी जाऊ द्या," असं मलाच म्हणाला. गडवा शोधायची शुद्ध कुणाला? मी घडी सरळ गंगाळात बुडवायची, पिळायची, धावायचं, पुन्हा बुडवायची. तोंडातून आपोआप निघालं, "मारुतीराया, पाणी मी चोरलं. त्याचा राग याच्यावर काढू नको. एवढ्याला वाचव."

दिवेलागणीला त्याला घाम फुटला. अंग गार पडत गेलं. डोळे उघडून त्यानं पहिलं विचारलं, "इतक्या बाया काऊन जमल्या? मी मेलो का?"

बाया हसता हसता रडल्या. मीही. ज्या देवाला मी थोतांड म्हणत होते त्याच्याच पाण्यावर माझा माणूस वाचला होता, आणि ते पाणी तहानलेल्या गल्लीनं घरोघरून आणून दिलं होतं. इतकं फुकट मला जन्मात कुणी दिलं नव्हतं.

सासूबाई देव बाहेर काढायला बसल्या. तेव्हा कुठे मला आठवलं, घाईत शेवटची घडी गंगाळातच राहिली होती. माझ्याच निळ्या ब्लाऊजपीसचा तुकडा तो. बरोबर मारुतीच्या डोक्यावर चिकटलेला.

सगळ्या बायांच्या देखत त्यांनी तो उचलला. त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"देवालेही ताप आलता वाटते," त्या म्हणाल्या, आणि घडी पिळून माझ्या हातात दिली.

मी ती तशीच ओली डोळ्यांना लावली आणि गंगाळापुढे कपाळ टेकवलं.