झऱ्यातल्या ठिपक्या

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ज्या मदतनीस बाई होत्या, त्यांना सगळे मासेबाई म्हणत. मुख्याध्यापकही तसंच म्हणत आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं काम परीक्षानळ्या धुण्याचं आणि आम्लाच्या बाटल्यांवर नजर ठेवण्याचं. पण खिडकीखालच्या ओट्यावर त्यांनी पाच काचटाक्या मांडल्या होत्या आणि मधल्या सुट्टीत निम्मी शाळा तिथे काचेला नाक लावून उभी असे. मी भूगोल शिकवायचे. खरं सांगायचं तर नद्यांचा धडा माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त जमायचा. निऑन टेट्रा दाखवून सांगत, हा ॲमेझॉनच्या जंगलातला, पडलेल्या पानांनी तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. फायटर मासा भातखाचरांतला, उथळ पाण्यात श्वास पुरत नाही म्हणून वर येऊन हवा गिळतो. "मासा कुठला ते आधी विचारावं, नाव नंतर," असं मुलांना बजावत.

त्यांचा स्वतःचा जीव मात्र एका अशा माशात अडकला होता, जो दुकानात मिळत नव्हता. बोटाच्या पेराएवढा, रुपेरी, शेपटीच्या बुडाशी एक काळा ठिपका. गावाबाहेरच्या टेकडीखाली झरा होता, तिथला. बाईंचे वडील त्या झऱ्याच्या पंपघरावर कामाला होते, त्यामुळे बाईंचं लहानपण त्या पाण्यातच गेलं. ठिपकी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पुढे टेकडीवर दगडाची खाण निघाली, सुरुंग लागले आणि एका उन्हाळ्यात झरा आटला. उरलेल्या डबक्यातून बाईंनी मिळाल्या तेवढ्या ठिपक्या झाकणाच्या बादलीत घालून घरी आणल्या. वाटेत दोन मेल्या, त्या प्रयोगशाळेतल्या स्पिरिटच्या बाटलीत ठेवल्या. हा मासा दुसरीकडे कुणाला सापडलेला नव्हता. शाळेला सुट्ट्या लागतात, म्हणून ठिपक्यांची टाकी त्यांच्या घरीच राहिली.

घरात त्या आणि त्यांच्या वन्सं, दोघीच. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरली नणंद बिनलग्नाची, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. मी जायचे तेव्हा दोघींची चेष्टामस्करी चालू असायची. वन्सं म्हणायच्या, मला चहा मिळो न मिळो, तुमच्या बाईसाहेबांच्या माशांना मात्र घड्याळ लावून जेवण. पण मशीन त्यांनी मुद्दाम टाकीसमोर हलवलं होतं. सख्ख्या बहिणींचं पटणार नाही इतकं त्यांचं पटायचं.

मग बाईंच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं. दुसऱ्या शहरातला दवाखाना, पाच आठवडे. टाकीत तेव्हा तेवीस ठिपक्या होत्या. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच टाकीत घालायचं, हे बाईंनी वन्संना तीनदा सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. रोज फोनवर पहिली चौकशी ठिपक्यांची. रोजचं उत्तर एकच, सगळ्या मजेत आहेत.

परत आल्यावर बाईंनी टाकीसमोर खुर्ची ओढून मोजल्या. एकवीस भरल्या. वन्संनी खाली मान घालून सांगितलं, दोन मेल्या गं, माझ्याच्याने राहिल्या नाहीत. बाईंनीच उलट त्यांची समजूत घातली.

पुढच्या महिन्यांत बाईंना काही ना काही खटकत राहिलं. पूर्वी बोट दिसलं की ठिपक्या दगडाआड पळायच्या, आता वर येऊन तोंड उघडायच्या. ठिपकाही जरा मोठा, गोल वाटायचा. त्यांनी वन्संना विचारलं, आधीही अशाच होत्या का हो?

"अशाच होत्या," वन्सं म्हणाल्या. "तुझा चष्मा बदललाय, वहिनी. आणि इतकी औषधं घेतलीस, नजर फिरतेच थोडी."

बाईंनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, टाकीतल्या राहणीमुळे फरक. मलाही त्या एकदा म्हणाल्या होत्या, आजारपणापासून माझा माझ्या डोळ्यांवर भरवसाच राहिला नाही. तेव्हापासून आम्लाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा त्या दोनदा वाचत.

सहा वर्षं गेली. खाण बंद पडली, खड्डे बुजले आणि झऱ्याला पुन्हा पाणी आलं. माशांचा अभ्यास करणाऱ्या एक संशोधक बाई आल्या, ठिपक्या परत झऱ्यात सोडायचं ठरलं. एकविसाच्या आता दोनशेच्या वर झाल्या होत्या. मासेबाई झऱ्यावर जाऊन पाण्याची उष्णता मोजून आल्या. इतकं हसताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

सोडण्याआधी तपासायचं म्हणून संशोधक बाईंनी चार ठिपक्या आणि स्पिरिटच्या बाटलीतल्या त्या दोन, अशा भिंगाखाली शेजारी ठेवल्या. भिंग सरकवून पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी मासेबाईंनाच बघायला बोलावलं. जुन्या माशाच्या कुशीवरची बारीक रेघ अर्ध्यात संपत होती, नव्याची थेट शेपटीपर्यंत जात होती. हे तर तळ्यांतून हजारांनी वाढवतात ते, संशोधक बाई हळूच म्हणाल्या, कुठल्याही दुकानात मिळतात. झऱ्यात सोडले तर चुकीचा मासा सोडल्यासारखं होईल.

मासेबाई आधी वाद घालत होत्या. एकाच जातीत दोन तऱ्हा असतील, म्हणाल्या. बोलता बोलता थांबल्या. मला म्हणाल्या, घरी येतेस का जरा.

दुपारची वेळ होती. वन्सं पडद्याची किनार दुमडत होत्या.

"वन्सं, मी दवाखान्यात होते तेव्हा काय झालं?"

वन्संनी मशीनवरचा पाय काढला. खोटं आता पुढे रेटायची ताकद नसावी, सगळं सांगून टाकलं. शिलाईचं काम अंगावर आलेलं, पाणी नळावरून थेट ओतलं. त्या दिवशी नळाच्या पाण्यात क्लोरीनचं औषध जास्त पडलं असणार, संध्याकाळपर्यंत सगळ्या उताण्या. एक मेलेली ठिपकी काडेपेटीत घालून त्या दुकानात गेल्या आणि तशाच दिसणाऱ्या एकवीस निवडून आणल्या. तेवीसच्या तेवीस दाखवल्या तर तुला शंका येईल, म्हणून दोन कमी आणल्या.

"तू तिकडे पाठीवर पडलेली," वन्सं म्हणाल्या. "कसं सांगणार होते?"

"तेव्हा नसेल सांगता आलं. पाणी चुकून माझ्याही हातून पडलं असतं." बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "पण मी विचारलं होतं तुम्हाला. माझ्या डोळ्यांना बरोबर दिसत होतं आणि तुम्ही मला सांगितलंत की माझीच नजर फिरलीय. सहा वर्षं."

वन्सं रडू लागल्या. बाई उठून आत गेल्या. मी दोघींच्या मध्ये नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी संशोधक बाईंना सगळं लिहून दिलं, स्वतःच्या सहीने. वन्संचं नाव घातलं नाही, माझ्या घरी झालं एवढंच लिहिलं. शाळेत कुजबुज झाली की मासेबाईंनीच लबाडी केली असणार. त्यांनी कुणाला खुलासा दिला नाही. झऱ्याला पाणी आहे, मासा नाही. घरच्या दोनशे माशांना त्या अजून वेळेवर खायला घालतात. त्यांचा काय दोष, म्हणतात.

त्या हिवाळ्यात वन्संना न्यूमोनिया झाला. बाईंनी रजा टाकून तीन आठवडे त्यांचं सगळं केलं, अगदी अंग पुसण्यापासून. बरं वाटू लागल्यावर वन्संनी एक दिवस त्यांचा हात धरला आणि विचारलं, "आता मिटलं ना गं?"

"नाही," बाई म्हणाल्या आणि हात सोडवून घेऊन औषध चमच्यात ओतलं.

अजून दोघी त्याच घरात आहेत. मशीन आता आतल्या खोलीत असतं.