काकांचं चिनी शुभ-लाभ

अनोळखी माणसाला ‘हसा’ म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? गळ्यात कॅमेरा अडकवला की तो आपोआप मिळतो का?

आमच्या काकांना तसं वाटायचं. कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ते दोन्ही तर्जन्या स्वतःच्या ओठांच्या कोपऱ्यांना लावून ओठ वर ओढायचे आणि म्हणायचे, “हसा की! हसायला डॉलर लागत नाहीत.” हर्नडनच्या आमच्या अपार्टमेंटमधल्या प्रत्येक बारशाच्या आणि डोहाळजेवणाच्या फोटोत आम्ही सगळे दात काढून उभे आहोत, ते त्या दोन बोटांमुळे. तुमच्याही ओळखीत असे एक काका असतीलच.

माझे ते नात्याने कुणी नव्हते. नोकरीसाठी मी इथे अमेरिकेत आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. शेजारच्या बिल्डिंगमधले हे टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेले गृहस्थ दर शनिवारी मला किराणा आणायला नेत. वाटेत आमचं भांडण ठरलेलं. माझे बाबा धरणग्रस्तांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. आमच्या घरी जेवणाच्या पाटाखालीसुद्धा पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मी वाचायला शिकले तीच त्यांवर. बोलायलाही बहुधा तिथेच शिकले असावे, कारण काकांनी पहिल्याच शनिवारी माझं नाव ठेवलं: पत्रकबाई.

“पत्रकबाई, सीट बेल्ट लावा. क्रांती नंतर.”

एका उन्हाळ्यात काका-काकू मराठी मंडळींच्या टूरबरोबर चीनला जाऊन आले. परत आल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं: क्लब हाउस, प्रोजेक्टर, कागदी बशांमधून चिवडा. पडद्यावर मातीचे सैनिक येऊन गेले, लांबलचक भिंत येऊन गेली, शांघायचे काचेचे टॉवर आले. विमानतळावरच्या वेगवान गाडीबद्दल काका म्हणाले, “अशी पळते, की हिने पर्समधून आवळासुपारी काढेपर्यंत स्टेशन आलं!”

“काका, हे टॉवर बांधणारी माणसं राहतात कुठे?” मी मागून विचारलं.

“आली आमची पत्रकबाई! अगं, ते टूरमध्ये इन्क्लूडेड नव्हतं.”

सगळे हसले. मग शेवटचा फोटो आला.

बीजिंगच्या एका जुन्या वस्तीत यांचा ग्रुप सायकलरिक्षांतून उतरून गल्लीबोळांत हिंडत होता. काकांचा पाय सुजला होता. ते मागे राहिले आणि एका घराच्या पायरीशी टेकले. आतून एक म्हातारी बाहेर आली. तिने बुटकं स्टूल आणून ठेवलं, काचेच्या बरणीतून गरम पाणी दिलं. काकांनी खिशातली चकली काढून तिला दिली. तिने मोडली, अर्धी खाल्ली, अर्धी कोटाच्या खिशात ठेवली.

“मी म्हटलं, आजी, हसा की!” काकांनी आम्हाला बोटं लावून दाखवलं. “आधी हसेचना. भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग हसली. बघा काय गोड हसली आहे!”

तिच्या मागे, दाराशेजारच्या भिंतीवर, चुन्याने काढलेलं एक मोठं वर्तुळ होतं आणि त्यात एक चिनी अक्षर.

“ते काय आहे?” कुणीतरी विचारलं.

“शुभ-लाभ! अख्ख्या गल्लीत दारोदार होतं. आपल्याकडे दिवाळीत नसतं का?”

मला लहानपणी पाहिलेली गावं आठवली. धरणाच्या पाण्यात जाणाऱ्या घरांच्या भिंतींवर सरकारी माणसं गेरूने नंबर टाकून जात. मी म्हटलं, “काका, सगळ्या दारांवर एकाच हाताने काढल्यासारखं का आहे मग?”

“एकच पेंटर असेल! तुला शुभातसुद्धा कट दिसतो.”

पुढच्या वसंतात आमच्यातल्या एका जोडप्याने जवळच घर घेतलं. वास्तुशांतीला सकाळीच जाऊन काकांनी उंबऱ्यापुढे रांगोळी काढली. तो फोटो शेजारी ठेवून, गुडघ्यावर बसून, रेघ न् रेघ बघून. मोठं पांढरं वर्तुळ आणि आत ते अक्षर. काकूंनी त्यात हळद-कुंकू भरलं. येणारा प्रत्येक जण थांबून कौतुक करत होता.

नव्या घराच्या शेजारी एक चिनी बाई राहत. यजमानांनी त्यांनाही बोलावलं होतं. त्या संत्र्यांची पिशवी घेऊन आल्या आणि रांगोळीपाशी थांबल्या. पाऊल पुढे टाकेनात.

“हे कुणी काढलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“मी!” काका कॅमेरा सावरत पुढे आले. “तुमचंच आहे. फॉर गुड लक!”

बाईंनी इकडे तिकडे बघितलं. सांगावं की नको, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हे पाडायच्या घरावर लिहितात. याचा अर्थ, हे पाडायचं.”

“अगं बाई! नव्या घराच्या दारात... अहो, काय केलंत हे!” काकू ओलं फडकं आणायला धावल्या. यजमान बिचारे चांगले. “काकू, चिल! आमचं लोन एवढं मोठं आहे, बँक पाडू देणार नाही,” म्हणाले. पुन्हा सगळे हसले. काका हसले नाहीत. जेवायलाही थांबले नाहीत, गाडीत जाऊन बसले. मी गेले तर समोर बघत म्हणाले, “ती आधी भिंतीकडे बघत होती गं. आणि मी तिला हस म्हणालो. बोटं लावून दाखवली.”

त्यानंतर ती बोटं मी ओठांकडे जाताना पाहिली नाहीत.

मी मात्र पेटले होते. बीजिंगमध्ये जगाचे खेळ भरणार होते, त्यासाठी शहर सजत होतं, आणि सजणाऱ्या शहराला जुन्या गल्ल्या खुपतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढच्या शनिवारी मी काकांना सांगितलं, “मला तो फोटो द्या. मी पत्रक काढते. वर आजींचा चेहरा आणि खाली एकच ओळ: हिचं घर कुठे आहे?”

काकांनी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केली.

“नाही.”

“लोकांना कळायला नको का, काका?”

“कळू दे. तिचा चेहरा न वापरता कळू दे. मी तिला न विचारता हसवलं. आता तू तिला न विचारता रडवणार.”

त्या दिवशी मी किराणा न घेताच परत आले. पुष्कळ मुद्दे होते माझ्याकडे. एकही त्या वाक्याला पुरा पडला नाही, अजूनही पडत नाही.

काका त्या हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा चीनला गेले. एकटे. काकू म्हणाल्या, “वेड लागलंय. बाईचं नाव माहीत नाही, गाव एवढं मोठं. कॅन्सल करा.” त्यांनी केलं नाही. हॉटेलवाल्याकडून गल्लीचं नाव काढलं आणि फोटो पाकिटात घालून तिथे पोचले.

गल्ली नव्हती. लांबच लांब पत्र्याची भिंत होती आणि तिच्यावर फुलं रंगवलेली. भिंतीच्या टोकाला झाडाखाली खुर्ची मांडून एक म्हातारा न्हावी बसला होता. फोटो बघताच तो उठून उभा राहिला.

“ओळखलं त्याने!” परत आल्यावर काका मला सांगत होते. “हात लांब करून दाखवत होता. तिकडे, खूप तिकडे. बराच वेळ बोलला, आणि मला एक शब्द कळला नाही. तुला पटतंय का? माणूस पत्ता सांगतोय, आणि आपण नुसती मान हलवतोय.” मग म्हणाले, “पुढच्या वेळी भाषा येणारं कुणी बरोबर नेऊ. फोटो द्यायचा राहिला आहे.”

फेब्रुवारीत ते गेले. हृदयाचा झटका आला, फार वेळ मिळाला नाही. शोकसभेसाठी काकूंनी घरभर शोधलं, पण काकांचा एकही धड फोटो सापडेना. कायम कॅमेऱ्याच्या मागे असणारा माणूस तो. शेवटी दुसऱ्या खेपेच्या चिनी व्हिसासाठी काढलेला छोटा फोटो मोठा करून ठेवला. त्यात त्यांनी ओठ घट्ट मिटले आहेत. व्हिसाच्या फोटोत हसायची परवानगी नसते.

आजींचा फोटो मी या लेखाबरोबर छापलेला नाही. पण यंदाच्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी काही जण खेळ बघायला बीजिंगला निघाला आहात, हे मला माहीत आहे. काकूंनी त्या फोटोच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. प्रत्येक प्रतीच्या पाठीवर वास्तुशांतीला आलेल्या त्या चिनी बाईंनी त्यांच्या लिपीत गल्लीचं नाव, आणि ‘हा या आजींना द्यायचा आहे’ एवढं लिहून दिलं आहे. जाण्याआधी एक प्रत घेऊन जा. भाषा येणाऱ्या कुणाला तरी बरोबर घ्या, पत्र्याच्या भिंतीच्या टोकाला तो न्हावी अजून बसतो का बघा, आणि तो हात दाखवेल तिकडे जा. आजी भेटल्या तर फोटो त्यांच्या हातात द्या. तेवढा वेळ तुमचा कॅमेरा पिशवीत राहू द्या.