साजगावच्या प्रदर्शनातली तीन नावं

गेली सव्वीस वर्षं मी ठाण्यातल्या एका छापखान्यात मांडणीचं काम करते. प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिका, कॅटलॉग, वस्तूंखाली लावायच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या टेबलावरून जातं. प्रदर्शन मात्र मी क्वचितच पाहते. काम संपतं तेव्हा डोळे इतके शिणलेले असतात की आणखी काही बघणं नको वाटतं.

यंदाच्या हिवाळ्यात मुंबईच्या एका संस्थेचं काम आलं. शहराबाहेर, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, तीन ठिकाणी तीन प्रदर्शनं. त्याचा नकाशाही मीच बसवला. शेवटची चिठ्ठी छापून गेली आणि माझी मान धरली. डॉक्टरांनी चार दिवस संगणक बंद करायला सांगितला. धाकटी बहीण मंजू कर्जतला शाळेत शिकवते, तिला फोन केला.

"येऊ का दोन दिवस? ती प्रदर्शनं बघेन म्हणते."

"ये की. पण ताई, तू सुट्टीतसुद्धा कामच बघायला येणार."

शुक्रवारी सकाळी निघाले.

पहिलं ठिकाण पोशीर. नेरळला उतरून स्टेशनबाहेरून कळंबच्या दिशेला जाणारी शेअर रिक्षा मिळते. ती भरेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे घाई असलेल्यांनी पूर्ण रिक्षा करावी आणि भाडं आधी ठरवून घ्यावं. मला घाई नव्हती. रिक्षाने मुख्य रस्त्यावर सोडलं आणि पुढे कापणी झालेल्या भातशेतांमधून मातीच्या वाटेने पंधरा मिनिटं चालायचं होतं. नकाशावर ती वाट मी बोटभर दाखवली होती. चालताना ती फार लांब वाटली. जाणाऱ्यांनी टोपी आणि पाणी जवळ ठेवावं, वाटेत दुकान नाही.

एका फार्महाउसच्या अंगणात मातीची मोठी भांडी, हातमागाची कापडं आणि बांबूचं फर्निचर मांडलं होतं. काम चांगलं होतं. पण मी वस्तूकडे बघायच्या आधी चिठ्ठीकडे बघत होते. अक्षरांमधलं अंतर बरं आलंय का, कागद उन्हाने वाकला तर नाही ना. गावातल्या दोन बायका माझ्या पुढे चालत होत्या. एका पुरुषभर उंचीच्या मडक्यापाशी त्या थांबल्या.

"एवढं मोठं मडकं, आन खाली भोक. यात ठेवायचं काय?"

"काय नाय ठेवायचं गं. नुसतं बघायचं."

पहिलीने वाकून भोकातून आत बघितलं, मान हलवली आणि पुढे गेली. माझ्यापेक्षा तिने ते मडकं नीट पाहिलं, एवढं खरं.

दुपारी कर्जतला आले. स्टेशनजवळच्या खानावळीत राईसप्लेट खाल्ली आणि दुसरं प्रदर्शन गाठलं. बंद पडलेल्या भातगिरणीत फोटो लावले होते. आत गारवा होता, मध्यभागी बाक होता. मी बाकावर टेकले ती तिथेच डोळा लागला. देखरेखीला बसलेल्या बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा जाग आली. "बाई, बरं वाटतंय ना? पाणी देऊ?" मी ओशाळून उठले. किती वेळ झोपले होते कोण जाणे.

मंजूने वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली होती. जेवताना तिने विचारलं, "काय काय बघितलंस?" मी आठवायला लागले तर मला ते भोकाचं मडकं आणि तो बाक एवढंच आठवलं. "उद्या नको जाऊस," ती म्हणाली. "चेहरा बघ स्वतःचा." मलाही ते पटत होतं. तरी सकाळी उठून तयार झाले. एकदा नकाशा काढला आहे तर तिसरं टोक बघून यावं, एवढाच विचार होता.

कर्जत-खोपोली गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच निघा, एक चुकली तर फलाटावर बराच वेळ जातो. प्रवास मात्र छोटा आणि सुरेख आहे, डोंगर सारखा सोबत असतो. खोपोलीहून रिक्षाने साजगाव. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कारखाने आणि ट्रक, धूळ भरपूर. तिथल्या एका बंद फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, शेडमध्ये तिसरं प्रदर्शन होतं.

शेडच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चपला काढून बाजूला ठेवलेल्या. मला म्हणाले, "ताई, आत जायाला पास लागतो का?"

"नाही हो काका, मोफत आहे. कुणी अडवलं का तुम्हाला?"

"अडवलं नाय कुनी. पन ही गाड्यावाली मानसं जातात, तर वाटलं लागत असंल. परवा पन येऊन गेलो."

"चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. त्यांनी चपला हातात घेतल्या. घाला म्हटलं तरी घातल्या नाहीत.

आत पांढऱ्या भिंतींवर लाकडाचे आकार टांगले होते. मोठी चाकं, अर्धगोल, शंखासारखी वळणं, सगळं जुन्या सागवानाचं, वरून प्रकाश सोडलेला. कारखान्यात लोखंडाची वस्तू ओतायच्या आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना करतात. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि पडलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. त्याला पॅटर्न म्हणतात. फौंड्री बंद झाल्यावर हे पॅटर्न माळ्यावर पडून होते, ते आता शिल्पांसारखे मांडले होते.

काका एका शंखासारख्या आकारापुढे थांबले. मान तिरकी करून त्यांनी तो खालून वर न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "हे उलटं लावलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी केलंय."

त्यांचं नाव नामदेव मिस्त्री. पंचवीस वर्षं ते या शेडमध्ये पॅटर्न करत होते. पंपाचं धड आहे हे, तोंड वर पाहिजे, त्यांनी सांगितलं. लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून लाकूड मापापेक्षा जरासं मोठं ठेवायचं, आणि त्यासाठी त्यांची पट्टीच वेगळी होती, मुळातच वाढीव मापाची. "त्यो अंदाज चुकला की सगळी ओत वाया," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांचं बोट लाकडाच्या कडेवरून फिरत होतं. हात लावू नये अशी पाटी शेजारी होती. ती पाटीही मीच केली होती.

मग त्यांनी चिठ्ठीकडे बोट केलं. चष्मा आणला नव्हता. "काय लिवलंय?"

मी वाचलं. "पंपाचा नमुना. सागवान. कारागीर अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे कुणी केलं ते माहीत नाही."

त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. "बरोबर हाय. कुनी इचारलंच नाय."

तो शब्द या शेडमध्ये चाळीसेक चिठ्ठ्यांवर होता. एकदा टाइप करून मी तो पुढे चिकटवत गेले होते, आणि तेव्हा माझं सगळं लक्ष तो मधोमध बसतोय की नाही याकडे होतं.

तिथे एक तरुण मुलगी व्यवस्था बघत होती. तिला मी सगळं सांगितलं, चिठ्ठ्या माझ्याच हातच्या आहेत हेही, आणि नाव हाताने लिहून लावू का, असं विचारलं. ती चांगली होती, पण दमलेली होती. "आम्ही चौकशी केली होती मॅडम. फौंड्रीच्या मालकांकडे नोंद नव्हती." तिने मुंबईला फोन लावला. बाजूला जाऊन बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा चेहरा उतरला होता. "हाताने लिहिलेलं भिंतीवर नको म्हणतायत. एकसारखं दिसणार नाही."

"ऱ्हाऊ द्या ताई," काका म्हणाले. "नाव घालून आता काय होनार? पगार घेतला त्याचा."

मी त्या मुलीला म्हटलं, "भिंतीवर नको. दाराशी अभिप्रायाची वही आहे, त्या टेबलावर एक कागद ठेवू द्या." तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःच कोरा कागद आणून दिला.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. पण काका एकेका पॅटर्नपुढे उभे राहून सांगायला लागले. हे माझं. हे विठ्ठल पाटलाचं, बारीक काम त्याच्यासारखं कुनाला जमलं नाय, वारला बिचारा. ही मोठी चाकं हसन मिस्त्रीची. दोन नमुन्यांपुढे ते थबकले. "ही माज्या आधीची. म्हाईत नाय. हितं अज्ञातच ऱ्हाऊ द्या." मी उभ्या उभ्या लिहीत होते. मान ठणकत होती, परतीची गाडी निघून गेली होती. त्या मुलीने मला खुर्ची दिली आणि तोवर शिडी लावून पंपाचं धड सरळ करून घेतलं. काकांनी खालून बघितलं आणि म्हणाले, "आता पानी वर जाईल."

निघताना मी त्यांना आमच्या छापखान्याचा नंबर दिला आणि त्यांच्या सुनेचा मोबाइल नंबर लिहून घेतला. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

सोमवारी कामावर गेले. आठवड्याभरात त्याच मुलीचा निरोप आला. प्रदर्शन पुढे मुंबईत जाणार, नवीन चिठ्ठ्या छापायच्या आहेत, नावं घालायला वरून होकार मिळाला आहे. फक्त हसन मिस्त्रींचं पूर्ण नाव हवं. मी नामदेवकाकांच्या सुनेच्या मोबाइलवर फोन केला.

काका म्हणाले, "पंचवीस वर्सं बाजूला बसून डबा खाल्ला. आडनाव कदी इचारलं नाय बगा." मग म्हणाले, "त्याची बायको खोपोलीत हाय. जाऊन येतो. तवर थांबवाल का?"

मी काम थांबवलं. छापखान्याच्या मालकांनी दोनदा विचारलं, काय अडलंय? एक आडनाव यायचंय, मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. हसन दाऊद मुकादम. हसन मिस्त्रींच्या बायकोने त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

हा सगळा प्रवास करून मी ताजीतवानी होऊन आले असं म्हणणार नाही. मान अजून दुखते. पोशीरची कापडं मला आठवत नाहीत, गिरणीतले फोटो तर मी पाहिलेच नाहीत. कुणी विचारलं तर सांगते, तिन्ही ठिकाणं एकाच फेरीत करू नका, एकच निवडा आणि तिथे बसा.

काकांचा फोन आला त्या संध्याकाळी मी चिठ्ठ्या पुन्हा उघडल्या. कोपऱ्यात वस्तूचं छोटं चित्र, खाली मजकूर, अशी मांडणी होती. अज्ञात हा शब्द आखूड, तो कुठेही मावत होता. पूर्ण नावं ओळीत बसेनात. अक्षर बारीक केलं तर नामदेवकाकांना चष्मा लावूनही वाचता आलं नसतं. म्हणून मी चित्राचा आकार थोडा कमी केला.