नाथाच्या तळव्यावरचं लिंबू

हरिहर कर्णिक हा ठाण्याच्या कचेरीतला कारकून. स्वभावाने इतका भित्रा, की साहेबांनी घसा खाकरला तरी ह्याच्या टाकातली शाई कागदावर सांडायची. असा माणूस तालमीत दांडपट्टा शिकायला गेला तेव्हा बायकोनेही हसून घेतलं. पण गडी चिकट. रोज पहाटे कोपरापर्यंतच्या लोखंडी मुठीत हात घालून ते लांब, लवलवतं पातं फिरवायचा. आधी ओल्या मातीचा गोळा कापला, मग केळं, मग मातीवर ठेवलेलं लिंबू. मातीला चरा न जाता लिंबू दुभंगू लागलं, तसा हरिहर कचेरीतही मान वर करून बोलू लागला.

एकावन्न सालच्या गणपतीत त्याच्या खेळाला टाळ्या पडल्या आणि स्वारी हवेत गेली. आता रोज कशाला घाम गाळायचा? पितृपक्षात तालमीचे वस्ताद पंढरी गावी गेलेले, ते सगळे दिवस ह्याने खुशाल अंथरुणात लोळून काढले. दसऱ्याला तालमीसमोर खेळ होता. परतलेल्या वस्तादांनी विचारलं, "सराव आहे ना?"

"आहे तर!" हरिहर म्हणाला.

तळव्यावर लिंबू धरायला त्याचा तालमीतला जोडीदार नाथा पुढे झाला. मिठागरात राबणारा, आडव्या अंगाचा माणूस. पट्टा फिरला. लिंबू कापलं गेलं, आणि नाथाचा तळवाही.

"हात हलवलास!" वस्ताद नाथावरच खेकसले. लिंबू धरणाऱ्याने चळायचं नाही, रक्त आलं तर दोष त्याचा, अशी तालमीची रीत. नाथाने मान खाली घातली. खरं काय ते हरिहरला ठाऊक होतं, पण त्याने ब्र काढला नाही.

मिठाचा हंगाम तोंडावर आलेला. उघडी जखम घेऊन नाथा खाऱ्या पाण्यात उतरणार कसा? त्याची बायको सगुणा मिठाच्या टोपल्या वाहू लागली. ती समोरून दिसली की हरिहर गल्ली बदलायचा. स्वतःची किळस यायची, तरी जीभ रेटत नव्हती. एकही पहाट मात्र त्याने पुन्हा चुकवली नाही. नाथाही रोज येऊन तालमीच्या पायरीवर बसायचा आणि मुकाट्याने बघायचा. हा आपला गुन्हा दाखवायलाच येतो, असं हरिहरला वाटायचं.

पुढच्या दसऱ्याला लिंबू धरायला कोणी उठेना. नाथा उठला, आणि त्याने तोच हात पुढे केला. हरिहरने उचललेला पट्टा खाली केला.

"वस्ताद," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "गेल्या साली ह्याचा हात हलला नव्हता. मीच पितृपक्षभर पट्ट्याला शिवलो नव्हतो."

"मना ठावं हाय," नाथा म्हणाला. "म्हनून त रोज बगाला येत व्हतू. यक दिस जरी चुकला असतास, त यो हात दिला नसता. चल, मार."

पट्टा फिरला. लिंबाच्या दोन फोडी झाल्या, तळव्यावर नवा ओरखडाही नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. अशा वेळी दोन्ही फोडी मुठीत धरून वर करायच्या, ही धरणाऱ्याची ऐट. नाथाने मूठ मिटायला घेतली. दोन बोटं मिटलीच नाहीत, आणि फोडी हरिहरच्या पायाशी पडल्या.