बाळू पाण्याखाली काय म्हणाला

मी केजला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. भानामती, अंगात येणं असले विषय निघाले की मी सरळ उठून जाते... आजही जाते. तरी हे लिहितेय, कारण ते माझ्यासमोर घडलं – भरदुपारी, काचेसारख्या स्वच्छ पाण्यात.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याला अंदमानला नेलं. आत्या युसूफ वडगावची. तिचा एकुलता एक मुलगा बाळू एकोणीस वर्षांचा असताना माजलगावच्या धरणात पोहायला उतरला आणि वर आलाच नाही. पाणबुडे आणले, गळ टाकले... काही सापडलं नाही. तेव्हापासून तीस वर्षं आत्या पाण्याजवळ फिरकली नव्हती.

त्या दिवशी आमची होडी एका राखीव बेटाजवळ थांबली. बाकी मंडळी बेटावर जेवायला गेली. होडीच्या काचेच्या तळाखालून एक कासव संथ गेलं, तशी आत्या म्हणाली, "मला बी उतरायचंय." मला बरंच वाटलं. लाइफ जॅकेट, मास्क, तोंडात श्वासाची नळी. गाइड पन्नाशीचा, तिथंच जन्मलेला, बेटं सोडून कधी बाहेर न गेलेला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये आत्या. खाली प्रवाळ, निळेपिवळे मासे... आणि वाळूतलं गवत खाणारं ते कासव.

अचानक आत्यानं माझा हात झटकला आणि खाली जायची धडपड सुरू केली. जॅकेट तिला जाऊ देईना. ती त्याचे पट्टेच ओढायला लागली. गाइडनं तिला धरून वर काढलं.

"माँजी, यहाँ से कुछ भी ले जाना मना है." त्याला वाटलं, तिला शिंपला हवाय.

होडीत आत्या रडत नव्हती. उलट चेहरा उजळला होता. "बाळू हाय खाली," ती म्हणाली. "त्या कासवाच्या मागं बसलाय. माझ्याकडं बघून कायतरी बोलला गं. तोंड हललं त्याचं."

"आत्या, मीही तिथंच बघत होते. कुणी नव्हतं."

"तुला कावून दिसंल? तू का आई हायस त्याची?"

मी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला. भास कशाला म्हणतात, एवढं मला कळतं. तेवढ्यात गाइड म्हणाला, "दीदी, आपकी भाषा में 'कोन बाई हाय ही' का मतलब क्या होता है? अभी पानी में किसी ने बोला. लड़के की आवाज़ थी."

पाण्यात आम्ही तिघंच होतो. तिघांच्याही तोंडात नळ्या होत्या.

आत्याच्या चेहऱ्यावरचा उजेड विझताना मी पाहिला. "त्याला सांग," ती म्हणाली, "काय बी अर्थ न्हाई त्याचा."

आता ती माझ्याकडेच राहते. पाण्यात आवाज कसा पसरतो ते मी वाचलं. गाइडला फोन करून खोदून खोदून विचारलं... तो तेच वाक्य आपल्या बीडच्या हेलात म्हणून दाखवतो. मला काही उलगडा झालेला नाही. आत्याला उलगडा नकोच आहे. भाकरी थापता थापता ती मधेच थांबते आणि विचारते, "लई म्हातारी दिसाया लागले का गं मी?"